खोली रिकामी करायची होती

माणूस म्हातारा झाला की त्याच्याजवळ दोन गोष्टी आपोआप जमा होतात. गोळ्यांच्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या निदान संपतात तरी!

नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरात पुढची एक खोली आहे. तिथं माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल आले, पोरं यायची थांबली, पार्लर बंद पडलं. मशीनं राहिली. डब्बा टीव्ही, कॅसेटवाले गेम, पडद्यावरची पाखरं मारायची प्लास्टिकची बंदूक आणि टेपवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर. शाळा मला फार लाभली नाही. इंग्रजीतलं मला दोनच वाचता येतं, ‘स्टार्ट’ आणि ‘गेम ओव्हर’. त्यावर संसार झाला.

दर रविवारी दोघं येतात. वासनिक साहेब, खापरखेड्याच्या पॉवर हाउसातून रिटायर झालेले. आणि गजानन, रामटेककडचा धानाचा शेतकरी. आम्ही तिघं मिळून मशीनं पुसतो, दुरुस्त करतो आणि खेळतो. कोणी विचारलं की दुरुस्त करतो एवढंच सांगतो.

यंदा मात्र आमच्या हिनं, म्हणजे सुमननं, फर्मान काढलं. “आपली पल्लवी बाळंतपणाले येऊन राहिली. तिचे दिवस भरायच्या आत ही खोली मले रिकामी पाहिजे. सारं कबाड्याले द्या!”

मी म्हटलं, “अवं, पण...”

“पण-बिण काही नाही. पाळणा काय तुमच्या टीव्हीवर बांधू?”

त्या दिवसापासून आमचे रविवार मोजकेच राहिले. हे किस्से त्या दिवसांतले.

*

आमच्यात एक रिवाज आहे. कॅसेट चालली नाही की ती काढायची, तोंडाजवळ धरून फुंकायची आणि पुन्हा लावायची. फुंकायचा मान वासनिक साहेबांचा, कारण छाती त्यांची मोठी.

एका रविवारी गजाननानं येता येता तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रश्श्यातले पोहे, आणले. खाऊन झाले, कॅसेट लावली, चालली नाही. साहेबांनी उचलली आणि जोर लावून फुंकली. मग तर ती अजिबातच चालली नाही! दुसऱ्या रविवारी पाहतो तर कॅसेटमध्ये मुंग्या.

गजानन म्हणाला, “साहेब, फुंकाले सांगितलं होतं. तर्री वाढाले नाही!”

*

आमचे जावई उमरेडचे. स्वभावानं फार चांगले. सासूबाईंची अडचण त्यांच्या कानावर गेली, तर बिचारे भिंतीवर लावायचा चपटा टीव्हीच घेऊन आले. म्हणाले, “मामाजी, आता हा डब्बा काढून टाका. अर्धी खोली मोकळी होते.”

बरोबर बोलले. आम्ही नव्या टीव्हीला मशीन जोडलं. चित्र कसं लख्ख! वासनिक साहेबांनी बंदूक उचलली, नेम धरला. पाखरू उडून गेलं. पुन्हा मारलं. पुन्हा उडालं. साहेब सरकत सरकत पुढं गेले, शेवटी बंदुकीचं तोंड पाखराच्या पोटाला टेकवून घोडा दाबला. पाखरू आरामात उडालं!

ती बंदूक फक्त डब्बा टीव्हीचाच उजेड ओळखते, चपट्याचा नाही. हे मला ठाऊक होतं. पण जावयाचं मन कसं मोडायचं!

गजानन म्हणाला, “टीव्ही नवा हाय साहेब. पाखरं बी शिकलेली हायेत!”

सुमन चहा ठेवता ठेवता म्हणाली, “आधी एक टीव्ही होता, आता दोन झाले. वा रे रिकामी खोली!”

*

मग एक दिवस खरंच कबाडी आला.

त्या वेळी आम्ही टेपवाल्या कॉम्प्युटरपुढं बसलो होतो. त्याचा गेम गाण्याच्या टेपसारख्या टेपमध्ये असतो. टेप लावली की कीं-कीं, कर्र-कर्र असा आवाज सुरू होतो, आणि तो आवाज मशीनच्या पोटात पूर्ण जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. टेबल हललं की सारं मुसळ केरात! म्हणून आम्ही मांडी घालून, डोळे मिटून बसतो. गजानन हातही जोडतो.

कबाड्यानं दारातून आत पाहिलं. तीन म्हातारे, समोर लुकलुकणारा पडदा, आणि कुठल्याच भाषेतला नाही असा मंत्र चालू! त्यानं चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि मागं येऊन हात जोडून बसला.

बराच वेळ गेला. तो माझ्या कानाशी वाकला. “बाबाजी, आरती केव्हा हाय?”

तेवढ्यात सुमन आली. “काहून रे? तुले भाव कराले बोलावलं होतं, का भजनाले?”

तो उठला, चपला घातल्या. “नाही काकू. देवाधर्माचं सामान मी घेत नसतो.”

*

त्यावर गजानन म्हणाला, “भाऊ, दुसरा कबाडी यायच्या आत एकेक वस्तू मी रामटेकले नेऊन लपवतो.” सुरुवात बंदुकीपासून केली. थैलीत घातली, पण नळी बाहेर!

बसस्टँडवर गार्डानं धरलं. “हे काय हाय गा?”

“बंदूक.”

“काय मारतोस याच्यानं?”

“पाखरं.”

“कुठं?”

“सक्करदऱ्यात. रविवारी.”

गार्ड म्हणाला, “लायसन?”

गजानन म्हणाला, “लायसन लागत नाही साहेब. डब्बा टीव्ही लागते.”

पुढच्या रविवारी तो बंदूक घेऊन परत आला. म्हणाला, “राहू द्या इथंच. गार्ड येता-जाता विचारते, आज किती मारले?”

*

पल्लवी आली. पोट हे एवढं, आणि दुपारभर करमेना. एका रविवारी येऊन आमच्यात बसली. “बाबा, तो किल्ल्याचा गेम लावा ना.”

लहानपणी तो गेम तिला कधीच पुरा करता आला नव्हता. जुन्या मशीनवर खेळ जपून ठेवायची सोय नसते. बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि ती शेवटच्या लेव्हलला पोचली की आई येऊन प्लग काढायची, “अभ्यासाले बस!” म्हणून.

त्या दुपारी ती शेवटच्या लेव्हलला पोचली आणि कळा सुरू झाल्या.

जावयांनी ऑटो आणला. पल्लवी म्हणते, “थांबा, एवढा राक्षस मारून येते!” चेहरा घामानं भिजलेला, पण गेमचा रिमोट सोडेना.

सुमन ओरडली, “पॉज कर अन् ऊठ वं!”

हा शब्द तिला येतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

दवाखान्यात पोचलो. मला वाटलं, सुमन घरी फोन लावून गरम पाण्याचा थर्मास मागवेल. ती फोनवर घरी थांबलेल्या वासनिक साहेबांना म्हणाली, “बटन कोणी बंद केलं तर पाहा! पोरीचा गेम अर्धा हाय.”

साहेबांनी मनावर घेतलं. मशीनवर टेबलफॅन लावला, स्विचला कोणाचा हात लागू नये म्हणून पुढं पोळपाट टेकवला, आणि विजेच्या लाइनवाल्यांच्या ऑफिसला फोन केला. “घरात बाळंतपणाची केस हाय. लाइन जाऊ देऊ नका!”

तिकडून विचारलं, “डिलिव्हरी झाली का साहेब?”

साहेब म्हणाले, “नाही. पॉजवर हाय.”

मुलगी झाली. दोघी सुखरूप. घरी आणेपर्यंत लाइन एकदाही गेली नाही. नागपुरात हे कोणी खरं मानत नाही, पण नाही गेली.

दारात सुमननं भाकर-तुकडा ओवाळून टाकला. पल्लवी सरळ पुढच्या खोलीत आली. बाळ सुमनच्या मांडीवर दिलं, गादीवर टेकली, रिमोट हातात घेतला. वासनिक साहेब आणि गजानन पडद्यापुढं मांडी घालून. जावईसुद्धा.

तेवढ्यात फाटकाशी आवाज आला. सुमननंच त्या दिवसाचं सांगून ठेवलेला दुसरा कबाडी, हातगाडी घेऊन. “काकू, ते टीव्ही-मशीन न्याचं होतं ना?”

सुमननं पडद्यावरची नजर काढली नाही.

“थांब गा जरा! शेवटची लेव्हल चालू हाय!”