खुर्च्या रिकाम्या झाल्या तेव्हा

माझं इंग्रजी शिक्षण झालं ते भानगडींमधून. शाळेत शिकले ते सगळं विसरले, पण गावात काही बिनसलं की जे शब्द कानावर पडायचे ते पक्के बसले. खरं तर आमच्या आदिलाबादकडे गोंधळाला शब्दांचा तुटवडा नाही. मराठीतला घोळ आहे, जुन्या कचेरीच्या उर्दूतला हंगामा आहे, बाजारातल्या तेलुगूतला गलाटा आहे. तरी खरी पंचाईत झाली की माणूस इंग्रजीच काढतो, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या काढाव्यात तशी.

आणि उगाच नाही काढत. टेन्शन म्हणजे अजून काहीच झालेलं नाही, पण होणार. डिस्टर्ब होतो तो टीव्ही, नाहीतर पोट, नाहीतर शेजारची सून. कन्फ्यूज झालो म्हणणाऱ्याला कोणी बावळट म्हणत नाही. पण सगळ्यांत सोयीचा शब्द मिस्टेक. चूक झाली म्हटलं की लोक लगेच विचारतात, कोणाची? मिस्टेक झाली म्हटलं की कोणी विचारत नाही. ती आपली आपणच होते. माझ्या थोरल्या दिरांनी तर अख्खा संसार मिस्टेकवर निभावून नेला.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा माझी सगळी भिस्त याच शब्दांवर होती. जावई तेलुगू, बेल्लमपल्लीचा, खाणकामगाराचा मुलगा. लेक तिथल्याच एका दवाखान्यात नर्स, तिथेच ओळख झाली. मुलगा गुणी होता, त्याची तक्रार नव्हती. धास्ती होती ती विहीणबाईंची. त्यांना मराठीचा गंध नाही, आणि माझं तेलुगू वांगी कशी दिली इथवर जाऊन थांबतं. मोडकी हिंदी दोघींनाही येत होती, पण ती व्यापाऱ्यांशी बोलायची हिंदी. त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागले की मला वाटायचं, आपण भाव पाडतोय.

त्यात बाई मुलखाच्या अबोल. पहिल्या भेटीत चहा घेतला, लेकीकडे निरखून पाहिलं आणि पदर सावरून बसून राहिल्या.

लेक म्हणाली, "आई, तू काऊन टेन्शन घेऊन राह्यली? मले येते ना तेलुगू."

तिला येत होतं, शाळेतच शिकली होती. पण माझ्या पोरीला सांभाळून घ्या, हे आईनंच विहिणीला सांगायचं असतं. ते पोरीलाच मध्ये बसवून कसं सांगणार? तेवढं एक वाक्य बोलायचं होतं मला, आणि त्यासाठी माझ्याकडे भाषा नव्हती.

लग्न आमच्या गावात, शाळेच्या पटांगणात. दोन्ही पद्धती करायच्या असं ठरलं होतं. आधी आमच्या मंगलाष्टका. मग जरा वेळानं त्यांचा मुहूर्त, तेव्हा नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर वाटलेलं जिरं-गूळ ठेवतात. त्यांच्याकडे खरं लग्न लागतं ते त्या क्षणी, आणि सगळ्यांनी उभं राहून अक्षता टाकायच्या त्याही तेव्हाच. थोरले दीर घरोघर जाऊन बजावून आले, "दोन खेपा अक्षता हायेत, कोणी कन्फ्यूज होऊ नका." सगळे म्हणाले, छे, त्यात काय.

मंगलाष्टका झाल्या, सावधान झालं, अक्षता पडल्या, बँड वाजला. आणि आमच्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या केलं तेच केलं. अक्षता पडल्या की पंगत. वांग्याच्या भाजीचा वास मांडवात कधीचा घुटमळत होताच. दिरांनीच माइक हातात घेतला, "मंडळी, जेवाले चाला, भाजी गरम हाये तोवर!" शाळेमागे पंगती बसल्या. वरण पुरतं की नाही या काळजीनं मीही पदर खोचून तिकडेच धावले.

थोड्या वेळानं भाची पळत आली. "मावशी, तिकडे मुहूर्त लागून राह्यला ना!"

मी हातातली पळी घेऊनच पळाले. मांडवात त्यांची सगळी माणसं उभी होती. आमच्या बाजूला नुसत्या लाल खुर्च्या, आणि त्यातल्या एकीत झोपलेले एक आजोबा. जिरं-गूळ ठेवून झालं होतं. माझी लेक मान वळवून त्या खुर्च्यांकडे पाहत होती. विहीणबाईही तिकडेच पाहत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांच्याकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. जावयानं आईला समजावून पाहिलं. दीर धोतर सावरत आले आणि हात जोडून मराठी, हिंदी, तेलुगू तिन्हीत म्हणाले, मिस्टेक झाली, मिस्टेक. बाईंनी ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. उद्या माझी लेक याच बाईंच्या उंबऱ्याआत जाणार होती.

मग मी पुढे झाले. म्हटलं, "कन्फ्यूज." म्हटलं, "मिस्टेक." त्यांनी थकल्यासारखी मान हलवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मीही दिरांचंच नाणं खपवतेय. मी छातीवर हात ठेवला. "मिस्टेक. माझी."

आता त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला धीर आला. मी लेकीकडे बोट केलं, कित्येक दिवस मनात घोकलेलं ते वाक्य तोंडाशी आणलं, आणि बाहेर आलं ते एवढंच, "टेन्शन. लई टेन्शन." आणि मी रडायला लागले. चारचौघांत, हातात पळी, नव्या शालूवर वरण ठिबकतंय.

"वदिना," त्या म्हणाल्या. तेलुगू विहिणी एकमेकींना अशी हाक मारतात. मग त्यांनी माझ्यासारखाच स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "नाकू कूडा टेन्शन."

नाकू कूडा म्हणजे मलाही. तेवढं तेलुगू मला येत होतं. लेकीनं मग पुढचं सांगितलं. बाईंना पहिल्या भेटीपासूनच वाटत होतं, यांना आपला मुलगा पसंत नाही, आणि खुर्च्या रिकाम्या दिसल्या तेव्हा तर खात्रीच झाली, आता ही पोरगी तरी आपल्या घरात मन लावून राहील का. अबोल बाई महिनाभर माझीच धास्ती घेऊन बसल्या होत्या.

तबकात विड्याच्या पानावर जिरं-गूळ थोडं उरलं होतं. विहीणबाईंनी बोटभर उचललं आणि सरळ माझ्या डोक्यावर दाबलं. मी पळी काखेत धरली, पदराच्या गाठीतल्या उरल्यासुरल्या अक्षता सोडल्या आणि त्यांच्या अंगावर टाकल्या. दोघीही हसत होतो आणि डोळे पुसत होतो.

एव्हाना आमचं गाव पंगतीतून उठून आलं होतं. खरकटे हात तसेच धरून एकेक जण खुर्चीत बसत होता.

दीर गोंधळून म्हणाले, "आता हे कोणतं लग्न लागून राह्यलं?"

लेक बोहल्यावरून म्हणाली, "काका, आता लागलं."