मीनलताईंच्या अकाउंटवर चालणारा गेट पास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या सकाळी आमच्या कंपनीचे गेट पास बंद पडले ते माझ्यामुळे. नाव मात्र मीनल वानखेडे यांचं झालं, आणि मी ते होऊ दिलं.

मार्केट यार्डात आमची फळांची घाऊक कंपनी आहे. मी तिथला सिस्टीम ॲडमिन. पास छापल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही. डाळिंबाच्या गाड्या भरून उभ्या होत्या आणि प्रिंटर गप्प. बिलिंगच्या मीनलताई आदल्याच संध्याकाळी नोकरी सोडून गेल्या होत्या.

शेठ केबिनबाहेर आले. "काय हो, सर्व्हरची पूजा घालायची का?"

"बघतोय, शेठ."

"बघायला ड्रायव्हर आहेत. तुम्ही चालू करा."

कारण मला लगेच कळलं. आमचे सगळे कॉम्प्युटर एका डोमेनमध्ये आहेत. म्हणजे कोणाला आत घ्यायचं हे एकच सर्व्हर ठरवतो. प्रत्येकाचं यूजर अकाउंट असतं. ते ज्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये टाकाल, त्या ग्रुपचे हक्क त्याला मिळतात. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच संध्याकाळी मी त्याचं अकाउंट डिसेबल करतो. या शिस्तीचा मला अभिमान आहे.

पण गेट पासचा प्रोग्रॅमही कुठल्या तरी अकाउंटनेच चालतो. त्यासाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट काढायचं असतं, माणसाचं वापरायचं नसतं. मी हंगामाच्या घाईत मीनलताईंचं वापरलं होतं.

"माझंच कशाला, दादा?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"स्टॉकचे सगळे हक्क तुमच्याकडे आहेत. दोन दिवसांपुरतं हो."

त्यांनी विश्वासाने पासवर्ड टाकून दिला. मी नंतर विसरलो. त्या गेल्या, मी अकाउंट बंद केलं, रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि प्रोग्रॅम बाहेर अडकला.

मी नवं सर्व्हिस अकाउंट काढलं, त्याचा ग्रुप केला, लागतील तेवढेच हक्क दिले. शेठचा चहा संपायच्या आत पास छापू लागले. काम देखणं झालं होतं, हे आजही म्हणेन.

"झालं काय होतं?" शेठनी विचारलं.

"मीनलताईंच्या अकाउंटवर चालत होतं."

वाक्य खरं होतं. पुढचं मी बोललो नाही.

"म्हणजे बाई जाताना पाचर मारून गेल्या." शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुपारी ताईंच्या नव्या कंपनीतून चौकशीचा फोन आला. मी समोरच होतो. शेठ म्हणाले, "कामाला चांगल्या आहेत. पासवर्ड तेवढे देऊ नका."

ती नोकरी गेली. ताईंचा मला फोन आला. "दादा, माझ्याकडून काही चुकलं होतं का?"

"नाही ताई, टेक्निकल होतं."

"तुम्ही सांभाळून घेतलंत, बरं झालं," त्या म्हणाल्या.

पुढे मी सगळं डोमेन नव्याने बांधलं. आता हक्क कामाच्या ग्रुपला, माणसाला नाही. उद्या खुद्द शेठ सोडून गेले तरी पास छापला जाईल. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात चांगलं काम. तात्पुरतं म्हणून केलेलं काढायचं कुणी, हे आधी ठरवावं, एवढं त्यातून शिकलो.

मीनलताई हल्ली धायरीत एका छोट्या दुकानाचे हिशेब बघतात. आमच्याकडे नवीन माणूस आला की अजून त्यांचाच किस्सा सांगतात. तो खोटा आहे हे शेठना, सगळ्या ऑफिससमोर, मी सांगायचं आहे. मग धायरीला जाऊन ताईंना. दोन्ही अजून बाकी आहेत.