फोटो आपलेच आहेत

पुण्याच्या एका फोटोग्राफरनं मला फसवलं. माझ्या बापाचा मी काढलेला फोटो त्यानं स्वतःच्या नावावर लावला आणि खाली लिहिलं, ‘अनामिक आदिवासी, बस्तर’. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. वाचेल तेव्हा त्याला कळेल.

चामोर्शीला माझा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वारलेल्या माणसाचा भिंतीवर लावायचा मोठा फोटो, अशी कामं. हाताला धरून कोणी शिकवलं नाही. आम्ही ढिवर. बा तलावात जाळं टाकायचा आणि मी आठवडी बाजारात मासे विकायचो. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की त्याला कुठवर जाऊ द्यायचं आणि कुठं हाक मारायची, हे तिथंच कळलं. पहिला कॅमेरा चंद्रपुरातून जुना घेतला, तोही दुकानातून उठून निघून जायचं सोंग करून. अल्बमवाल्यांशी माझी भांडणं ठरलेली. शिवण उसवलेली निघाली म्हणून एकाचा गठ्ठा मी रस्त्यावर फेकला होता.

डिजिटल कॅमेरा घेतल्यावर लग्नाशिवायही फोटो काढायला लागलो. मोहफुलं वेचणाऱ्या बाया, धानाची रोवणी, तलाव. हे फोटो चामोर्शीत कोण विकत घेणार? गडचिरोलीचा एक इंटरनेट कॅफेवाला म्हणाला, ब्लॉग फुकट असतो. फुकट म्हटल्यावर मी कान दिला. दर आठवड्याला एसटीनं गडचिरोलीला जायचो. कॅफेवाल्याशी माझा सौदा होता: तासाच्या आत लाइट गेली तर पुढचा तास त्यानं द्यायचा. लाइट जायचीच. फोटो लहान करून ठेवायचा, चढवायला लावायचा, ती निळी पट्टी अर्ध्यावर यायची आणि पंखा थांबायचा. तरी मी ब्लॉग चालवला. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहायचो, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटायची तसलं टायपिंग शिकलो. तेव्हा ज्या मैत्रीच्या साइटवर सगळे असायचे, तिथल्या फोटोंच्या गटांत जाऊन ब्लॉगचा पत्ता टाकायचो. दुसऱ्याच्या फोटोखाली ‘मस्त’ लिहायचं, मग तोही आपल्याकडे येऊन ‘मस्त’ लिहितो. बाजारापेक्षा वेगळं काही नव्हतं.

बाचा फोटो पहाटेचा आहे. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे, जाळ्याची एक कड दातांत धरलेली, बाकीचं जाळं हातावर. फेकायच्या आधीचा क्षण. लग्नाच्या फोटोंवर मी कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकायचो. या फोटोत ते त्याच्या अंगाशी दुकानाची पाटी लावल्यासारखं दिसत होतं, म्हणून काढून टाकलं. खाली त्याचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं आणि ‘माझा बाप’ असं लिहिलं.

त्याला कॅफेत नेऊन दाखवलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

“कोन बुढा हाय हा?”

“तूच हायेस, बा.”

“मी येवढा वाकलो?” मग जरा वेळानं, “कुठी कुठी दिसते हे?”

“साऱ्या जगात.”

“मंग एकही मासा काऊन नाई त्यात? लोक म्हनतीन, बुढ्याले काई भेटतच नाई.”

कॅफेवाला हसला. बा हसला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बा वारला. भिंतीसाठी मी हाच फोटो मोठा केला.

पुण्याच्या फोटोग्राफरची ओळख ब्लॉगवरूनच झाली होती. बा असतानाच तो इकडे आला. दोन दिवस राहिला, आमच्या घरी जेवला, माझ्या मोटारसायकलवर मागं बसून गावं फिरला. बोलणं फार गोड. त्याची मोठी वेबसाइट होती. सौदा असा ठरला की मी त्याला मोठ्या आकारातले फोटो सीडीवर द्यायचे, त्यानं ते माझ्या नावानं साइटवर दाखवायचे आणि माझ्या ब्लॉगची लिंक द्यायची. मी त्याची लिंक त्याच संध्याकाळी टाकली. त्यानं माझी कधीच टाकली नाही. परत गेल्यावर त्याचा मेल आला: फोटो नेमके कोणाचे आहेत, कोणाची परवानगी घ्यावी लागेल का? मी उत्तर लिहिलं, ‘फोटो आपलेच आहेत. कोणाला विचारायची गरज नाही.’

आमच्या बाजूला माणूस स्वतःबद्दल असंच बोलतो. आपल्याले चहा नको, म्हणजे मला नको. आपली गाडी, म्हणजे माझी गाडी. मी लिहिलं त्याचा अर्थ, फोटो मीच काढलेत. पुण्यात ‘आपले’ म्हणजे समोरच्या माणसाचे, आदरानं म्हटलेले. मेलमधलं हे एक वाक्य त्यानं जपून ठेवलं.

बा गेल्यावर काही महिन्यांनी एका गटात कोणीतरी त्याच्या साइटचा पत्ता टाकला, ‘काय भारी काम आहे’ म्हणून. उघडलं. फोटो हळूहळू वरून खाली उतरत आला. आधी धुकं, मग डोकं, दात, जाळं. शेवटी ओळ. अनामिक आदिवासी, बस्तर. ओळीखाली त्याचं नाव.

अल्बमच्या शिवणीवरून रस्त्यात ओरडणारा माणूस मी. त्या दिवशी काहीच वर आलं नाही. कॅफेवाल्याचा हिशेब केला आणि एसटीत बसलो. घरी येऊन जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही, पण ताट रिकामं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन लावला.

“बोला, बोला! कसं काय जंगल?”

“तो फोटो बस्तरचा नाई. इथला हाय.”

“अहो, लोकांना बस्तर कळतं. चामोर्शी कोणाला कळणार?”

“आदिवासी बी नाई. आमी ढिवर हो. अन् तो माहा बाप हाय.”

“अरे वा. मग तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा.”

“त्याचं नाव टाका खाली.”

“हे बघा, तुम्ही व्यवहारी माणूस आहात. सरळ आकडा सांगा.”

“आकडा नाई पायजे. ओळ बदला.”

“ठीक आहे. विचार करून आकडा कळवा.”

मी भाव वाढवतोय असं त्याला वाटलं. आधी आकडा बोलतो तो हरतो, हे मीच त्याला मोटारसायकलवर हसत सांगितलं होतं. आयुष्यात एकदाच मी घासाघीस करत नव्हतो, आणि ते त्याला पटवून देणारा शब्द मला सापडला नाही. फोन ठेवला.

मग मेल आला. त्यात माझंच वाक्य होतं आणि त्याखाली त्याचं: ‘आपण स्वतः लिहिलं होतं की फोटो आपलेच आहेत. त्यामुळे हा विषय माझ्या दृष्टीनं संपला आहे.’

त्याची समजायला चूक झाली असं मी मानत नाही. चामोर्शीच्या बस स्टँडवर मी म्हणालो होतो, “आपल्याले पान नाई चालत.” तेव्हा तो पोट धरून हसला होता. “तुम्ही स्वतःलाच आपण म्हणता? राजेसाहेबांसारखं!” जाईपर्यंत मला राजेसाहेब म्हणत होता. त्याला अर्थ माहीत होता. सोयीचा अर्थ त्यानं निवडून घेतला.

त्याच्या साइटवर फोटोखाली मी लिहिलं. ते पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं, तेव्हा त्यानं लिहायची सोयच बंद केली. माझ्या ब्लॉगवर मी त्या पहाटेचे पुढचे-मागचे फोटो लावले: बा पाण्यात उतरताना, जाळं हवेत, जाळं पाण्यात. कोणीही पाहून समजेल की कॅमेरा कोणाच्या हातात होता. खाली एकानं लिहिलं, ‘मस्त’. आणखी एकानं लिहिलं, ‘बस्तर फारच सुंदर.’ त्यानंतर ब्लॉगवर काही चढवलं नाही. गडचिरोलीला जाणं सुटलं. दुकान उघडायचो, पासपोर्टवाल्यांना हनुवटी वर करा म्हणायचो, दुकान बंद करायचो. गिऱ्हाइकानं भाव पाडला तर हो म्हणायचो. बायको म्हणाली, “आजकाल भांडत नाई तुमी. ताप हाय का?”

आईला हे बाजारात कळलं. कोणाच्या तरी पोरानं साइट पाहिली होती. ती दुकानात आली, स्टुलावर बसली.

“तुह्या बाच्या फोटोखाली काय लिहिलं हाय त्यानं?”

मी ती ओळ जशीच्या तशी सांगितली.

“बस्तर? तो तं कधी बस्तरले गेलाच नाई. इथी जलमला, इथीच गेला.” मग म्हणाली, “जेवला होता तो मानूस आपल्या घरी. तुह्या बानंच धरलेले मासे खाल्ले. नाव इचारलं नवतं का त्यानं?”

विचारलं होतं. बानं सांगितलंही होतं.

आई अजून विचारते. भिंतीवरच्या फोटोला हार बदलताना विचारते, काऊन लिहिलं असं? मी फोटो काढला, ब्लॉग केला, लिंक दिली, सीडी दिली. या प्रश्नाचं उत्तर देणं माझं काम नाही. साहेब, आकडा नको, माफीचा मेल नको. चामोर्शीला या. घर तुम्हाला माहीत आहे. तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा, तिच्या नवऱ्याचं नाव तुम्ही काऊन पुसलं.