दारावरचं पांढरं पातळ

गुरुदत्त सबनीसांना गाड्या मोजायची खोडच होती. मूळचे नागपूरचे, धंद्याने ट्रॅफिक इंजिनिअर. अमेरिकेत ते राहत त्या नदीकाठच्या गावाजवळ अणुवीज प्रकल्प होता. तिथे अपघात झाला तर गाव रिकामं कसं करायचं, याचा आराखडा त्यांनीच केला होता. घरटी एकच गाडी निघावी, बाकीच्या सोडून द्याव्यात, म्हणजे रस्ते तुंबणार नाहीत. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या बस. आणि घर सोडताना पुढच्या दाराला पांढरं कापड अडकवावं, म्हणजे रिकाम्या घरांपाशी बस थांबणार नाही. या कापडाच्या युक्तीवर स्वारी भलतीच खूश होती.

घरात बायको सरला आणि आई. आई अठ्ठ्याहत्तरची, सोवळ्याची कडक. अमेरिकेत सहा वर्षं काढूनही स्वयंपाक सोवळ्यातच. धुतलेलं पांढरं पातळ ती पुढच्या दाराच्या दांडीवर वाळत घाली.

"आई, अगं लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. हात तर लावत नाहीत ना?"

खरंच होतं. सगळी ये-जा गॅरेजमधून; पुढच्या दाराकडे कुत्रंही फिरकत नसे.

तिची आणखी एक सवय होती. कुठे जायचं म्हटलं की देवांचा डबा मांडीवर घेऊन ती सगळ्यांच्या आधी घरासमोर उघड्यावर उभ्या असलेल्या मोठ्या गाडीत, स्टेशन वॅगनमध्ये, जाऊन बसे. आपल्याला मागे ठेवून लोक निघून जातील ही धास्ती तिला कायमची. सबनीस यावरूनही तिला चिडवत.

१९८४च्या ऑगस्टमधल्या एका बुधवारी सकाळी प्रकल्पाचा धोक्याचा भोंगा वाजला. सरला पिस्कॅटवेला बहिणीकडे गेली होती. सबनीस चाळीस मैलांवर ऑफिसात होते. विसाव्या खेपेला घरचा फोन लागला.

"आई, प्लँटमध्ये लीक झालंय. बाहेरची हवा लागू देऊ नकोस. काचा बंद ठेव आणि तयार राहा. मी येतोच."

"सावकाश ये रे. मी तयारच आहे."

आराखड्याप्रमाणे खरं तर, बस येईल, तिच्यात बसून जा, असं सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणी ते सांगितलं नसतं तर सबनीसांनी त्याला मूर्खात काढलं असतं. पण इंग्रजीचा गंध नसलेली म्हातारी परक्या माणसांत कशी जाईल, असं त्यांच्या मनात आलं आणि सगळा आराखडा बाजूला राहिला.

घरापासून दहा मैलांवर त्यांना पोलिसाने अडवलं. आई घरात आहे म्हटल्यावर त्याने वायरलेसवर पत्ता दिला. उत्तर आलं, "दाराला पांढरं कापड आहे. स्टेशन वॅगन सोडून गेलेत. घर रिकामं."

सबनीस गाडीतून खाली उतरले.

"ते आईचं पातळ आहे! वाळत घातलेलं!"

"सर, कापड दिसलं की पुढे जायचं, असा नियम आहे."

"नियम माझाच आहे!" ते ओरडले. पोलिसाला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

विनवण्या करकरून दुपारी चारला त्यांनी एक माणूस घर तपासायला पाठवायला लावला. घरात कोणी नाही, असं त्याने कळवलं. तेव्हा कुठे सबनीसांना सुचलं. "गाडीत बघा," ते म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना काय ते कळून चुकलं.

ती मागच्या सीटवर होती. मांडीवर देवांचा डबा. लेकाने सांगितल्याप्रमाणे चारी काचा घट्ट बंद. सकाळपासून गाडी उन्हात होती. गळतीने गावात कुणाला साधं पडसंही झालं नाही. म्हातारीला उकाड्याने मारलं.

तिसऱ्या दिवशी लोकांना परत सोडलं. सबनीस एकटेच घरी आले. गाडीकडे त्यांच्याने पाहवेना. दारावर पातळ तसंच होतं, उन्हाने कडक झालेलं. जन्मात त्यांनी आईच्या सोवळ्याला हात लावला नव्हता. नळाचं पाणी अजून वापरू नका, अशी नोटीस दारात पडली होती. ती ओलांडून ते आत गेले, डोक्यावरून अंघोळ केली, आणि ओलेत्यानेच बाहेर येऊन पातळ काढून घेतलं.