भट्टीची निळी काच

रंगराव खैरमोडे दुपारचे झोपतात. मंगल कार्यालयावर रात्रीची राखण करणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. एकेकाळी हा गडी काच कंपनीच्या युनियनचा सेक्रेटरी होता, त्याच्या एका हाकेला सहाशे माणसं गेटवर जमायची. आता तो लोकांच्या लग्नातल्या चपला सांभाळतो. जेवून ते खाटेवर पडतात, भिंतीकडे तोंड करतात. आत बायको, सुलाबाई, भांडी घासतेय, नळाचा आवाज येतोय, मग येत नाही. भिंतीला टेकलेला हात गरम लागतो. इतका गरम, की मागं घ्यावा.

"हात काढू नगंस," मागून कुणीतरी म्हणतं. "ऊब हाय तवर घे."

वळून बघतात तर ओट्यापाशी उभे भट्टीवाले शिदूनाना तांबवे. नाना जाऊन सात वर्षं झाली. अंगात कंपनीचा तोच खाकी शर्ट, हातात निळ्या काचेचा तुकडा. रंगरावांना भीती वाटत नाही, लाज वाटते. नाना जिवंत असताना शेवटची चार वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

ओट्याच्या जागी आता भट्टी आहे. धगधगते आहे, घरातले डबे तिच्यामागच्या फळीवर तसेच आहेत, आणि याचं कुणाला काही वाटत नाही.

ही भट्टी कधी विझू द्यायची नसते. विझली की आतला काचेचा रस थिजून दगड होतो, विटा तडकतात, आणि भट्टी कायमची गेली. म्हणून भट्टीवाल्यांचा एक रिवाज होता. पाळी संपली तरी बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. ज्वाळ बघायची निळी काच जाणारा त्याच्या हातात द्यायचा, आणि येणारा म्हणायचा, "घेतली." पोरगं आजारी असो, घरात मयत असो, त्या शब्दाशिवाय कुणी घरी गेलं नाही. एकदाच गेलं. संपाच्या तिसऱ्या दिवशी.

पायाखाली आता गेटसमोरचा डांबरी रस्ता आहे. रंगराव बाकड्यावर उभे आहेत, हातात कागद. मोठ्या साहेबांचा पगार त्या वर्षी दुप्पट झाला होता आणि कामगारांचा बोनस कंपनीला परवडत नव्हता, असा तो कागद. वाचता वाचता त्यांचं डोकं फिरतं. तोवर चार भट्टीवाल्यांना आत राहू द्यायचं ठरलं होतं. आता ते ओरडतात, भट्टीवाले पण बाहेर. तिघं येतात. नाना येत नाहीत. बदली आल्याशिवाय सोडू कशी, एवढंच म्हणतात. मग सेक्रेटरीसाहेब स्वतः आत जातात, बापाच्या वयाच्या माणसाला दंडाला धरून ओढत आणतात, आणि सहाशे तोंडं ओरडतात, फितूर, फितूर. कसली मर्दुमकी ती! दोन दिवसांत भट्टी थिजली. कंपनीनं नोटीस लावली: युनियनच्या हट्टापायी कारखाना बंद.

पुढं कोर्टात निघालं, की बंद करायचं तीन महिने आधीच ठरलं होतं आणि ते नीट पार पाडल्याबद्दल साहेबांना वर बक्षीस होतं. पण गावानं तो कागद वाचला नाही. गावानं रंगरावांचं तोंड बघितलं. आजही बाजारात बायका त्यांना बघून पदर सावरत पलीकडून जातात.

कोर्टाचा बाक. शेजारी नाना, उभेच. रंगराव अकरा वर्षं मनात घोळवलेला प्रश्न विचारतात.

"नाना, खरं सांगा. कंपनी मी बुडवली का?"

नाना काचेतून बघत राहतात. "तू न्हाय इझवली असतीस, तर त्यांनी इझवली असती. त्यांचं ठरल्यालंच हुतं."

रंगरावांच्या छातीवरची धोंड हलते. रडू येईल असं वाटतं.

"पण इझवली तू," नाना म्हणतात. "सायबाला त्याचं बक्षीस मिळालं. तू फुकटात करून दिलंस."

रंगराव खाली बघतात. नानांचे पाय सुजलेत, चपलेचा पट्टा मांसात रुतलाय. बसत का नाही, असं ते विचारतात, आणि विचारता विचारताच त्यांना कळतं. त्या दिवशी दंडाला धरून ओढलं तेव्हा त्यांच्या हातची काच कुणी घेतली नव्हती. हा माणूस अजून पाळीवर आहे. मेल्यावरसुद्धा.

बाक आता भट्टीपुढं आहे, पलीकडं कंपनीचं गेट उघडं आहे. रंगरावांना सरळ निघून जाता येईल. ते हात पुढं करतात.

"घेतली," ते म्हणतात.

नाना काच देतात, टोपी झटकून डोक्यावर ठेवतात आणि चालू लागतात. माफ केलं म्हणत नाहीत, मागं वळूनही बघत नाहीत. रंगराव काच डोळ्याला लावून भट्टीत बघतात. आत काळा दगड आहे, नुसता गार.

"कुणाला म्हणालात घेतली?"

सुलाबाई चहाचा कप घेऊन उभी आहे. ऊन दारातून आत आलंय. रंगरावांची मूठ घट्ट मिटलेली आहे, ती उघडायला बोटं दुखतात. आत निळ्या काचेचा तुकडा, अजून कोमट. सुलाबाई तो ओळखते. तिरडीवर नानांच्या बायकोनं तो त्यांच्या खिशात घातला होता, तेव्हा ही शेजारीच होती, आणि सरण सगळ्यांच्या देखत पेटलं होतं. ती कप खाली ठेवते. मग हळूच सांगते, की सहा वाजत आले, आज मोठं लग्न आहे, कार्यालयात लवकर बोलावलंय.

ते ऐकतात. मुलगा सुरतेला असतो, कारखान्याचं नाव काढलं तरी फोन ठेवतो. युनियनमधली माणसं पांगली, निम्मी गेली. ही काच कोण घेईल, म्हणून रंगराव एकेकाचं नाव आठवून बघतात.

चहावर साय धरते. सुलाबाई दोनदा हाक मारते. रंगराव खाटेवरून हलत नाहीत. बदली आल्याशिवाय उठायचं नसतं.