आप्पांचा स्लो

परशराम आप्पांच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की ते आधी चहा मागवत. नवख्या माणसाला वाटायचं, काय अगत्य आहे! पण तो चहा गिऱ्हाइकासाठी नसायचा. काठोकाठ भरलेला ग्लास ते चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवत, कमरेवर हात देऊन चहाकडे बघत राहत आणि बऱ्याच वेळानं म्हणत, "हिचा स्लो बिघडलाय." चहा किती आणि कसा हिंदकळतो, यावरून त्यांना इंजिनाची तब्येत कळायची. मग गार झालेला तोच चहा ते एका घोटात पिऊन टाकत.

गाडी उभी असताना, रेसवर पाय नसताना, इंजिन ज्या गतीनं आपलं आपण चालत राहतं तिला आमच्याकडच्या गॅरेजांत 'स्लो' म्हणतात. त्यामुळे 'स्लो वाढवा' म्हणजे इंजिन जरा जोरात चालू द्या. पहिल्यांदा हे ऐकून मी हसलो होतो. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "पळताना सगळ्याच गाड्या शाण्या असत्यात रं. उभी ऱ्हायली की कळतंय, कोण कसली हाय."

खासबागेत एका चिंचेखाली त्यांचं गॅरेज होतं. अंगात खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, आणि चालताना उजवा पाय थोडा ओढायचा. जॅक निसटून गाडी पायावर आली, असं ते सांगायचे. गॅरेजवाल्याच्या अंगावर असं काहीबाही असतंच, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही. तोंडात सदा एकच कानडी शब्द, 'निधान', म्हणजे सावकाश. कुणी घाई केली की निधान, बोल्ट घट्ट बसला असला तरी निधान. गाडीचं निदानही ते इतकं निधान करायचे की माणूस रडकुंडीला यायचा.

मी शहापूरचा, विणकराच्या घरातला. घरातले माग बंद झाल्यावर मी एक जुना डिझेल पिकअप घेतला, हौद्यात फ्रीजर बसवला आणि बायको सुमन आणि मी जत्रांतून कुल्फी विकायला लागलो. फ्रीजर इन्व्हर्टरवर चालायचा आणि इन्व्हर्टर गाडीच्या बॅटरीवर. गाडी चालू ठेवून उभी केली तरी नुसत्या स्लोवर बॅटरी पुरेशी चार्ज व्हायची नाही. भर दुपारी इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागायचा आणि कुल्फीचं दूध व्हायचं. मग सुमन गिऱ्हाइकं सांभाळायची आणि मी रेसवर पाय दाबून केबिनमध्ये घामाघूम बसायचो. हा काय धंदा झाला?

म्हणून आप्पांना म्हटलं, मला स्लो वाढवून द्या. हवा तेव्हा वाढेल, नको तेव्हा उतरेल असं काहीतरी बसवा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हँडब्रेक ओढून बघितला आणि मान हलवली. "हँडब्रेक लागत न्हाय तुझा. गाडी गिअरात टाकून, चाकाला दगड लावून उभी करतोस. आधी ते मोडायचं. मग बघू."

आता आमच्याकडे चढावर गाडी उभी करायची रीत हीच आहे. गिअर टाकायचा, दगड लावायचा, झालं. आमच्या घराण्यात राग नाकाच्या शेंड्यावर असतो. जत्रा चार दिवसांवर आलेली आणि हा माणूस मला शिकवतोय! मी विचारलं, का नको ते तरी सांगा. ते नुसतंच "नको" म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

मी तडक दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं अर्ध्या तासात रेसला एक तार जोडून तिची मूठ स्टिअरिंगखाली आणून दिली. मूठ ओढली की इंजिन जोरात, आणि आत ढकलेपर्यंत तसंच. मी खूश! आप्पांना लई शहाणपण आलंय, असंही त्या मिस्त्रीजवळ बोललो.

त्याच हंगामात येळ्ळूरजवळच्या एका जत्रेत आम्ही शेताच्या उतारावर गाडी उभी केली होती. इंजिन बंद, गिअर टाकलेला, दगड लावलेला, आणि तारेची मूठ ओढलेली तशीच राहिलेली. सुमन गाडीच्या पुढं उभी राहून ताडपत्रीची दोरी बंपरला बांधत होती. इन्व्हर्टर वाजायला लागला. मी बाहेरूनच खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

गाडीनं हिसका दिला. एरवी एवढ्यावर ती बंद पडली असती. पण रेस ओढलेली, त्यामुळे बंद न पडता ती दगडावरून चढून पुढं सुटली. सुमननं बाजूला अंग टाकलं. मागचं चाक माझ्या पायापासून वितीवरून गेलं. गाडी खाली बांधाला धडकून थांबली. सुमनच्या बांगड्या फुटल्या, कोपर सोललं, एवढ्यावर भागलं. ती उठून बसली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्या नजरेचं मला आजही भय वाटतं.

लोक धावत आले. मी सगळ्यांना सांगितलं, दगड सरकला.

चेपलेलं बंपर घेऊन आप्पांकडेच जावं लागलं. त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी तारेची मूठ बघितली आणि चहासुद्धा मागवला नाही. संध्याकाळी मात्र पाय ओढत आमच्या गल्लीत आले, घर विचारत विचारत. माझ्याशी न बोलता सुमनसमोर बसले आणि म्हणाले, "पोरी, माझा पाय जॅकनं गेला न्हाय. मीच खिडकीतनं हात घालून किल्ली फिरवलती. गाडी गिअरात हुती, रेस वडलेली हुती, मागचं चाक पायावरनं गेलं. मिस्त्री माणूस मी, लोकांस्नी कसं सांगू? म्हणून जॅकवर ढकललं. ह्येला नुसतं नको म्हणालो आन् मोकळा झालो. का नको ते सांगितलं असतं, तर ह्यो दुसरीकडं गेला नसता. माझं चुकलं."

एवढा मोठा माणूस माझ्या बायकोची माफी मागत होता, आणि मी शेजारी बसून जमिनीकडे बघत होतो. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. आप्पा बोलले, मी नाही.

त्यांनी तीन दिवस घेतले. तार उपटून फेकली, हँडब्रेक नवा केला आणि आपल्या पद्धतीनं स्लोचं बटण बसवलं. हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रलला असेल तरच स्लो वाढायचा. क्लचवर पाय पडला की आपोआप उतरायचा. आणि गाडी गिअरात असेल, तर किल्ली फिरवली तरी चालूच व्हायची नाही. शेवटी बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवला, बटण दाबलं. चहावर बारीक शहारा आला, पण थेंब सांडला नाही. "आता ही उभी ऱ्हायला शिकली," आप्पा म्हणाले.

त्यानंतर कुणीही स्लो वाढवायला आला की आप्पा आधी पायजमा वर करून पाय दाखवायचे आणि सगळी हकिकत सांगायचे. काही लोक मागं हसायचे, मिस्त्रीच असून! आप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं.

गेल्या थंडीत आप्पा गेले. छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत आटोपलं. चिंचेखाली आता कुणीतरी गाड्या धुतो.

परवा एका जत्रेत येळ्ळूरचा एक भाजीवाला आमच्या गाडीशी आला. त्याचाही जुना पिकअप. स्लो कुणी वाढवला, किती खर्च आला, नुसती तार बसवली तर चालेल का, असं विचारत होता. मी सवयीनं सुरुवात केली, "तार नको. आमचा एकदा दगड..." आणि सुमननं फ्रीजरमधलं डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं. तीच नजर. मी थांबलो. मग म्हणालो, "किल्ली मी फिरवली होती. बाहेरून हात घालून. ही पुढं उभी होती."

सुमननं भाजीवाल्याच्या हातात कुल्फी दिली, हात पदराला पुसले आणि मला म्हणाली, "लई निधान, पण बोललासा."