काम न बघता दिलेला शेरा

कोमल गेली त्याला आज वर्ष झालं. तिच्या कामावर मी शेरा दिला होता. काम न बघता.

रुचा म्हणाली, "आई, पोस्ट टाकू नकोस. लोक काय म्हणतील."
म्हणू देत.

कोमल मळवलीची. वडील तिथल्याच एका बंगल्याचे केअरटेकर. माझ्या रुचाबरोबर पुण्यात गेमची चित्रं करायचा कोर्स करायची. मोठा कॉम्प्युटर आमच्याकडे, म्हणून दर रविवारी लोणावळ्याला आमच्या घरी.

चौघींनी मिळून एक गेम करायचा होता. गडाखालचं गाव, वाटेत देवीचं देऊळ, मग चढण. देवळाचा भाग कोमलकडे.

एकदा मी मागून सहज बघितलं. गेममधली बाई चपला घालून थेट गाभाऱ्यात.

मी म्हणाले, "तुमच्यात देव नाहीत, म्हणून तुला कळत नाही. आमच्यात चपला बाहेर काढतात."

कोमल बौद्ध घरातली. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "काकू, आमी विहारात बी चपला काढूनच जातो. हे अजून अर्धंच झालंय."

रुचा हसली.
मला ते लागलं.

"मग कर पूर्ण," मी म्हणाले.

तिने केलं. तीन आठवडे त्या चपलांवर बसली. बाकीच्या तिघी खोळंबल्या.

मग कॉलेजात एकमेकींच्या कामावर फीडबॅक द्यायचा होता. नाव न घालता. त्यावरून कुठला भाग गेममध्ये राहणार ते ठरणार. आणि हाच भाग दाखवून कोमल नोकरीला अर्ज करणार होती. मला माहीत होतं. माझ्या ओट्याशी उभं राहून तिनेच सांगितलं होतं.

रुचा वैतागलेली. "मराठीत लिहिलं तरी चालतं. काय लिहू?"

मी तांदूळ निवडत होते. हात थांबवला नाही.
"लिही. नसती उठाठेव. देवळाच्या दारात घोळ घातला आणि सगळ्यांची खोटी केली."

रुचाने शब्द न् शब्द उतरवला. सर म्हणाले, गटाचं म्हणणं असेल तर हा भाग काढा.
काढला.

पुढच्या रविवारी कोमल पेनड्राइव्ह न्यायला आली. दारातच उभी राहिली.

"काकू, शेरा वाचला."

"कसला?"

"'सगळ्यांची खोटी केली.' रुचा असं बोलत न्हाई. तुमी बोलता."

मी म्हणाले, "चहा घेतेस?"

"नको. तुमची खोटी व्हईल."

परत आली नाही.

पावसाळ्यात कावीळ झाली. बारा दिवसांत संपलं. काविळीचा आणि शेऱ्याचा संबंध नाही, असं रुचा मला सांगते. मलाही ठाऊक आहे. त्याने शेरा खरा होत नाही.

महिन्याने तिची आई आली. सुनंदाताई.
"तिचं काय काम ऱ्हायलंय का तुमच्या कम्प्युटरवर? डोळ्यानं बघावं म्हणलं."

रुचाने लावलं. पूर्ण झालेलं मीही तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

देवळाची पायरी. बाई येते. एक चप्पल पायरीपाशी काढते. दुसरी हातात घेऊन पार लांब, दीपमाळेच्या मागे ठेवते. वळून एकदा खात्री करते. मग पदर डोक्यावर घेऊन आत.

जोडी एकत्र दिसली की चोरीला जाते, म्हणून मी चपला अशाच दोन ठिकाणी ठेवते. एकदा दोघींना देवीला नेलं होतं, तेव्हा रुचाने माझी थट्टा केली होती. कोमल नुसती बघत होती.

चालही माझीच. डावा गुडघा जरा अडणारा.

सुनंदाताई म्हणाल्या, "ही बाई तुमच्यावानी दिसती."

थोड्या वेळाने, "एवढं चांगलं हाय, मग गेमात का न्हाई ठेवलं?"

मी म्हणाले, "सरांनी काढलं."

समोर देव्हारा होता. निरांजन तेवत होतं. त्याच्यासमोर म्हणाले.

सुनंदाताई, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. तोंडावर सांगायचं धाडस इतक्या महिन्यांत झालं नाही, म्हणून इथे, सगळ्यांदेखत.
सरांनी नाही काढलं. मी काढायला लावलं.

बाकीच्यांनो, खाली हात जोडू नका. मला मोठ्या मनाची म्हणू नका.

कोमल, तुझं काम बघितलं. उशिरा बघितलं.
चपला बरोबर ठेवल्या होत्यास.

नमस्कार घे, बाळा.